हळू केलेलं कार्ड

मी बारक्याच्या कॉम्प्युटरमधलं ग्राफिक्स कार्ड बोलतोय. पडद्यावर गाडी पळते, डोंगर सरकतो, शत्रू कोसळतो, ती सगळी चित्रं मी काढतो. काढता काढता तापतो, आणि तापलो की माझे दोन पंखे गरगरतात. काम एवढंच. पण माझ्यावरून या घरात जे झालं, ते बोलल्याशिवाय मला आता राहवत नाही.

कारखान्यातलं मला फार आठवत नाही. हातमोजे घातलेले हात, झगझगीत दिवे आणि मग खोक्यातला अंधार. खोकं उघडलं ते दादाने. दादा म्हणजे बारक्याचा मोठा भाऊ, वेल्डर. बोटांवर ठिणग्यांचे काळे डाग. मला कॉम्प्युटरच्या कॅबिनेटमध्ये बसवताना त्याने श्वास रोखून धरला होता.

मी वजनाला जड, त्यामुळे एका बाजूने झुकायचो. दुसऱ्या दिवशी दादाने कामावरच्या उरलेल्या सळीचा एक छोटा पाय जोडून आणला आणि माझ्याखाली टेकू दिला.

"कार्डाला कुबडी?" बारक्या हसला.

"तुला लागली तर सांग. तुझ्या मापाची करून देतो."

बारक्याने शाळा अर्ध्यावर सोडलेली. बेकरीत कामाला, पहाटे भट्टी पेटवायला जायचा. म्हणून संध्याकाळी जेवला की आडवा. आणि दादाची खेळायची वेळ नेमकी तीच. दोघा भावांना खोली एकच, आई स्वयंपाकघरात झोपायची. कॅबिनेट बारक्याच्या उशाशी. कॅबिनेटच्या काचेतून मला त्याचा चेहराच दिसायचा.

एकदा दादा खेळात रंगला होता आणि माझे पंखे भणभणत होते. बारक्याने झोपेतच उशी उचलून कानावर दाबली. दादाने खेळ थांबवला. सेटिंगमध्ये कुठे कुठे शोधून त्याने माझी ताकद निम्म्यावर आणली. पंखे शांत झाले. थोड्या वेळाने बारक्याच्या कानावरची उशी आपोआप घसरली. दादाने ते पाहिलं आणि मग खेळ पुढे सुरू केला. चित्र अडखळत होतं. तो तसाच खेळला.

केलेलं लक्षात ठेवायची दादाला सवयच नव्हती. तो विसरला. मी मात्र कायमचा हळू झालो. दुपारी बारक्या कामावरून येऊन खेळायला बसायचा, तेव्हाही हळूच.

"दादा, हे कार्ड म्हातारं झालंय."

"झालं असेल रे. बदलू."

मला सगळं माहीत होतं. पण मला तोंड कुठे आहे? माझ्याकडे नुसते पंखे.

त्या दिवशी बारक्याला सुट्टी होती. सकाळीच खेळायला बसला. जिंकत आला होता आणि ऐन वेळी चित्र गोठलं. हरला. दादा दाराशी बूट घालत होता. बारक्या त्याच्यावरच ओरडला, "बदलू, बदलू! तू आणि हे भंगार, दोघंही जा एकदाचे!"

"अरे, शिव्या त्याला दे. मला कशाला?" दादा हसला, डबा घेतला आणि गेला.

एका शेडच्या छपरावर काम होतं. तिथून तो पडला, तो घरी परत आलाच नाही.

त्यानंतर बारक्याने माझ्या काचेवर टॉवेल टाकला. आई दादाच्या पलंगावर झोपायला लागली. मग एका दुपारी बारक्या उठला, वायरी उपटल्या, कॅबिनेट खांद्यावर घेतलं आणि तडक दुकान गाठलं.

"नवीन कार्ड टाका. हे काढा. मला हे घरी न्यायचं नाही."

"बिघडलंय काय?" दुरुस्तीवाल्याने विचारलं.

"काही नाही. नको झालंय."

"बायकोबद्दल बोलतोस की कार्डाबद्दल?" त्याने हसत मला सुरू केलं. मग पडद्याकडे निरखून बघू लागला. "हे तर ठणठणीत आहे. मुद्दाम निम्म्यावर ठेवलंय. तू ठेवलंस?"

"मी कशाला ठेवेन?"

"मग घरात कोणाची झोप सावध आहे का? आवाज नको म्हणून करतात लोक असं."

त्याने मला पूर्ण ताकद दिली. कित्येक महिन्यांनी माझे पंखे भणभणले. पडद्यावरची गाडी अशी पळाली, जशी बारक्याने कधी पाहिलीच नव्हती. पण तो गाडी बघत नव्हता. त्याचा हात आपोआप कानाकडे गेला आणि तिथेच थांबला.

"बंद करा."

"काय झालं?"

"झोप माझी सावध आहे."

दुरुस्तीवाल्याने मला बंद केलं. मग हळूच म्हणाला, "नवीन टाकायचं ना?"

बारक्या खाली वाकून सळीच्या त्या पायावरून बोट फिरवत राहिला. "सांगायचं ना मग," एवढंच म्हणाला. दुकानात तिघेच होतो, आणि ते आमच्यापैकी कोणासाठीच नव्हतं.

येताना खांद्यावर आणलेलं कॅबिनेट त्याने जाताना छातीशी धरून नेलं.

संध्याकाळी त्याने खेळ सुरू केला. मी गरजलो. दादाच्या पलंगावर आईने कूस बदलली. बारक्या दचकला. अक्षरं जुळवत जुळवत त्याने ती जागा शोधली आणि स्वतःच्या हाताने मला निम्म्यावर आणलं. मग आईकडे बघत बसला.

बारक्या, 'दोघंही जा' हे तुझं वाक्य मीही विसरलेलो नाही. ज्याच्यावरून तू ते बोललास, तो मीच. पण शिक्षा म्हणून मला जवळ ठेवू नकोस. माझे पंखे एक दिवस अडकतील, तेव्हा खुशाल नवीन आण. फक्त हा पाय त्याच्याखाली लाव. आणि त्याला पहिल्याच दिवशी सांग, आवाज कमी ठेव, या खोलीत आपलं माणूस झोपलेलं असतं.