अकरा आणि चौदा

सकाळी साडेआठला प्रणेशचा फोन आला तेव्हा मी हेब्बाळच्या आमच्या कारखान्यात नुकतीच येऊन बसले होते. आम्ही बोटींचे पितळी पंखे ओततो आणि घासतो. मापं माझ्याकडे असतात.

"वेदा, डिझेल बावीस लिटरच उरलंय," तो म्हणाला. "आत्ता टाकीत पट्टी घालून पाहिलं."

प्रणेश, माझा नवरा, आणि त्याचे गुरुराजकाका काल संध्याकाळी साडेपाचला बेपूरहून 'कपिला' घेऊन निघाले होते. बत्तीस फुटी जुनी डिझेल बोट, शीड नाही. काकांनी निवृत्त झाल्यावर घेतलेली, पंखा नवा, आमच्याकडचा. मंगळूरपर्यंत एकशेवीस सागरी मैल, वीस तास. सत्तर लिटर लागतील असा हिशेब मी केला होता. त्यांनी एकशेपाच भरले होते.

"रात्री नाही पाहिलं?"

"काका म्हणाले, वेदाचा आकडा आहे, पट्टी कशाला घालायची."

"किती उरलं अंतर?"

"तीस मैल. आणि वारा समोरून आहे. चारनंतर कुणी समुद्रात राहू नका, असं रेडिओवर सारखं सांगतायत. मधल्या कुठल्या नदीत शिरता येत नाही, मुखाशी वाळू आहे, आपली बोट टेकेल."

"इंजिन मिनिटाला किती फेऱ्यांवर चाललंय?"

"तू सांगितलेल्या. बावीसशे. वेग सहा नॉट. धूर काळा येतोय, रात्री दिसला नव्हता."

बावीसशे फेऱ्यांवर काळा धूर यायला नको होता. इंजिनवर पेलणार नाही इतका भार होता. भार पंख्याचा. मी फोन हातात धरूनच शेडमध्ये गेले.

नवरात्रातल्या नवमीला, आयुधपूजेच्या दिवशी, शेडमधली सगळी हत्यारं धुऊन मांडली होती. 'कपिला'साठी दोन पंखे तयार होते, दिसायला सारखेच. एकाचा पिच अकरा इंच, दुसऱ्याचा चौदा. म्हणजे एका फेरीत पाणी कापत तो तितके इंच पुढे जाऊ पाहतो. मी अकरा निवडला होता. हळदकुंकू लावताना भिजू नयेत म्हणून आमच्या शेडमधल्या चिदंबरनं त्यांच्या दोऱ्याच्या चिठ्ठ्या काढल्या आणि पूजेनंतर परत बांधल्या. संध्याकाळी लॉरी आली. पाठवण्याआधी मी प्रत्येक पंखा मोजते. त्या दिवशी पिच मोजायचा गेज पूजेत होता, त्यावर शेवंती होती. दशमीची पूजा होईपर्यंत आमच्याकडे कुणी हत्यार उचलत नाही. मी चिठ्ठी वाचली आणि सही केली.

"चिदंबर, राहिलेला पंखा खाली काढा."

"त्याला काय झालं, मेडम?"

"काढा आधी."

गेजच्या सांध्यात अजून कुंकू होतं. पात्याच्या तीन जागी मोजलं. अकरा. चौथ्या जागी पुन्हा मोजलं, उगाच. अकरा. चिदंबरनं चिठ्ठी वाचली. तिच्यावर चौदा होतं. तो तोंडातल्या तोंडात "अय्यो देवरे" म्हणाला आणि खाली बसला.

काकांचा आवाज आला. त्यांनी फोन हिसकावून घेतला असणार. "काय गं, कसली मोजणी चाललीय? मी थ्रॉटल पुढे करतोय. वारा वाढायच्या आत बंदरात घुसतो."

"काका, थ्रॉटल मागे घ्या. पंधराशे."

"वेड लागलंय? समोरून लाटा, आणि मी बैलगाडी हाकू? पाच तासांचं काम सात तासांवर नेऊ?"

"पाच तासांचं डिझेल नाहीये तुमच्याकडे. तळातलं पाच लिटर नळीत येत नाही. सतरा उरतात. आत्ताच्या वेगाला तासाला सहा जातंय. अकरा-सव्वाअकराला इंजिन बंद पडेल आणि बोट वाऱ्यावर सुटेल."

"तूच साडेतीन म्हणाली होतीस! आता सहा म्हणतेस. तुझा कुठला आकडा धरू?"

बरोबर विचारत होते. चिदंबर माझ्याकडे बघत होता.

"पहिला चुकला. मी तुम्हाला चुकीचा पंखा पाठवला, काका. चौदाचा. न मोजता सही केली. तो जास्त पाणी रेटतो, म्हणून माझ्या बावीसशेला इतकं डिझेल गेलं. पण हळू चालवलात तर तोच पंखा चालेल. पंधराशेला साडेचार नॉट मिळतील, तासाला सव्वादोन लिटर. पावणेसात तास, पंधरा लिटर. सव्वातीनला आत."

"आणि वारा तीनलाच आला तर?"

"तर वेग वाढवायला दोन लिटर आहेत जास्तीचे. तेवढेच."

फोनमधून ऐकू येणारा इंजिनचा आवाज उतरला.

"सरी, बरं," काका म्हणाले. "घेतला मागे. धूर गेला बघ, प्रणेश."

दर तासाला पट्टी घालून आकडा कळवा, एवढं सांगितलं. साडेनऊला एकोणीस पूर्णांक सहा. सव्वादोनपेक्षा जरा जास्त गेलं होतं. साडेदहाला सतरा पूर्णांक एक. अडीच गेलं होतं. मी चौदाशेला आणायला सांगितलं. काकांनी लगेच आणलं, टोमणा मारला असता तर बरं वाटलं असतं. दीडला फोन लागेना. अडीचलाही नाही. चिदंबरनं जेवणाचा डबा उघडून तसाच झाकला. मी कागदावर नवं काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखा आकडाच येत नव्हता.

साडेतीनला खिडकीबाहेरून शेजारच्या कंपनीच्या बस सुटायला लागल्या.

तीन अडतीसला फोन वाजला.

"बांधली," प्रणेश म्हणाला. त्याला दम लागला होता. "धक्क्याला लागताना इंजिन दोनदा अडखळलं. काका पट्टी घालतायत."

मागून काका ओरडले, "सहाला थोडं कमी! तिला सांग, नळीच्या वर बोटभर होतं!" मग स्वतःच फोनवर आले. "वेदा, पुढच्या वेळी तू बोटीत बसायचं. इथून हिशेब सांगणं सोपं आहे गं."

"बसते," मी म्हटलं.

फोन ठेवल्यावर मी आकड्यांचे पंच आणि हातोडा घेतला. शेडमधल्या पंख्याच्या मधल्या गोलावर अकरा ठोकलं. दुसरा आकडा जरा तिरका बसला. चिदंबरनं जुनी चिठ्ठी दोऱ्यासकट खिशात टाकली.

"पुढच्या नवमीला गेज पूजेत ठेवायचा की नाही, मेडम?"

"ठेवायचा," मी म्हटलं. "लॉरी दशमीनंतर बोलवायची."