गवंड्यांचा खडा

"हात आत आहे हं माझा, विसरू नका," बसड्रायव्हर म्हणाला.

"ही करवत फक्त प्लास्टर कापते." प्लास्टर कापणाऱ्याने नेहमीप्रमाणे थरथरतं पातं स्वतःच्या तळहातावर टेकवून दाखवलं. "बघा. कातडीला काही करत नाही."

सहा आठवड्यांपूर्वी त्यानेच बांधलेलं प्लास्टर दोन फाकांत उघडलं. आत बारीक, पांढुरका हात. बसड्रायव्हर त्या हाताकडे बघून हरखला. प्लास्टरकडे कुणी बघत नाही. ते बादलीत गेलं.

एकवीस वर्षं तो हॉस्पिटलच्या प्लास्टर-रूममध्ये होता. त्याने बांधलेलं काहीही दोन महिन्यांच्या वर टिकलं नव्हतं. डॉक्टर हाक मारायचे तीही "प्लास्टर, पुढचा घे" अशी.

भिंतीवर सव्वा वाजला होता. सभा दीडला.

*

सभा मोबाइलवरच्या खेळातली. पण माणसं खरी, कुठकुठली.

खेळातल्या नगराला राजा नव्हता. गवंडी, विणकर, तलवारबाज, नावाडी अशा नऊ गिल्ड, म्हणजे एकेका धंद्याचे संघ, मिळून कारभार चालवायच्या. प्रत्येक गिल्ड आपसात हात वर करून ठरवणार, आणि तिचा निरोप्या तो निर्णय सभेत नेणार. हो असेल तर मडक्यात पांढरा खडा, नाही असेल तर काळा. कुणाचा खडा कुठला हे कुणालाच दिसत नसे. निरोप्याच्या भरवशावर सगळं.

तो गवंड्यांचा निरोप्या. तिथलं नाव चुनेवाला.

तलवारबाजांना नदीवर पूल हवा होता. पूल झाला की नावाड्यांचं काम संपलं, आणि काम नसलेल्या गिल्डची सभेतली खुर्ची जायची. स्वतःच्या प्रश्नावर नावाड्यांना खडा टाकता येत नव्हता. उरलेल्या आठांत चार-चार झाले असते तरी पूल बारगळला असता.

नावाड्यांची प्रमुख म्हणजे त्याची ताई. थोरली. अपघातानंतर अकरा वर्षं त्याच्याच घरात, खिडकीजवळच्या खाटेवर.

"काय रे, तुम्ही गवंडी काय टाकणार?" तिने सकाळी विचारलं होतं.

"काळा. काल सांगितलं ना."

"सांगितलंस रे. पण पुन्हा ऐकायला बरं वाटतं." मग हसून, "तिथे सगळेच दिवसभर बसून असतात बघ. मी काही वेगळी दिसत नाही. आणि वर मला विचारतात, बाई, तुमचं मत काय?"

तो खोटं बोलला नव्हता. आदल्या दिवशी गवंड्यांनी काळाच ठरवला होता. "वेढा पडला तेव्हा नावाड्यांनी आपली चुन्याची पोती नदीपार नेऊन वाचवली," एक म्हातारा गवंडी म्हणाला होता. "आता चार कमानी बांधायला मिळतात म्हणून त्यांच्या पोटावर पाय द्यायचा? लाज वाटायला पाहिजे." सगळे हात वर गेले. त्याचाही.

*

सभेनंतर निरोप्याने गिल्डसाठी इतिवृत्त लिहायचं असतं.

गवंड्यांच्या निरोप्याने गिल्डच्या निर्णयानुसार काळा खडा

खोडलं.

गवंड्यांच्या निरोप्याने गिल्डच्या निर्णयानुसार

खोडलं.

गवंड्यांच्या निरोप्याने खडा टाकला.

हे खरं होतं. हे त्याने राहू दिलं.

*

झालं होतं ते इतकंच. एक वाजून सत्तावीस मिनिटांनी, हातात डब्यातला घास असताना, तलवारबाजांच्या प्रमुखाचा निरोप आला. *शिल्पकार, पहिल्या कमानीवर तुमचं नाव कोरू. नगर असेतोवर राहील.*

शिल्पकार.

बादली स्टुलाखालीच होती. फाकलेली प्लास्टरं, एकावर कुणीतरी पेनाने काढलेलं फूल. त्याने घास डब्यात परत ठेवला, बोटं पँटला पुसली आणि पांढरा खडा टाकला.

पाच विरुद्ध तीन.

*

"विणकरच," ताई संध्याकाळी म्हणाली. "ती विणकरांची बाई. पहिल्यापासून गोड-गोड बोलायची, तेव्हाच मला कळायला हवं होतं. तुम्ही चौघे काळे धरले होते मी. त्यातली हीच फुटली."

तो तिच्या खाटेजवळचं टेबल पुसत होता. पुसून झालेलं होतं. तरी पुसत होता.

"असेल," तो म्हणाला.

विणकर बाईने आठवडाभरात तीन निरोप पाठवले. ताईने एकही उघडला नाही. "हिला बोलायला तोंड तरी कसं होतं!" ती म्हणायची, आणि तो उठून पाणी आणायला जायचा. ताईचा पेला भरलेला असला तरी.

*

रविवारी सकाळी पूल खुला झाला. त्याने चहा ठेवला आणि ओट्याशीच खेळ उघडला. तलवारबाजांनी शब्द पाळला होता. पहिल्या कमानीवर, लांबून दिसेल असं:

*चुनेवाला. याच्या पांढऱ्या खड्यामुळे हा पूल उभा राहिला.*

गौरवच केला होता त्यांनी. त्याने घाईघाईने लिहिलं, *नाव काढता येईल का?*

*दगडात आहे, शिल्पकार,* उत्तर आलं.

स्वयंपाकघराच्या दारातून ताई दिसत होती. फोन डोळ्यांच्या जवळ धरलेला. दोन ओळी वाचायला लागतो त्यापेक्षा खूप जास्त वेळ ती वाचत होती. आता आपल्याला हाक मारील, असं त्याला वाटलं. शिव्या दिल्या तर बरं, असंही वाटलं.

तिने फोन तोंडाजवळ नेला आणि आवाजी निरोप ठेवला.

"विणकर बाई, चूक माझी झाली. मी तुमच्याबद्दल नको ते बोलले. माफ करा मला."

चहा उतू गेला. त्याने गॅस बंद केला. खाटेपर्यंत दहा पावलं होती, ती त्याच्याने टाकवेनात. त्याने फोन उचलला. चुनेवाला नदीकाठी गेला. पुलावरून माणसं, गाड्या, घोडे चालले होते. खाली वाळूत नाव पालथी घातलेली, आणि तिच्या शेजारी दगडावर ताईची नावाडीण बसलेली.

*पलीकडे सोडतेस?* त्याने लिहिलं.

उत्तर खेळातून नाही, घरातूनच आलं. आवाज खिडकीकडून आला. पाणी मागताना असतो तसाच, साधा.

"पूल आहे की तुझा."

चुनेवाला काठावरच उभा राहिला. नावाडीण उठली आणि नावेवर बसलेली पुलाची धूळ हाताने झटकू लागली.