मधले पीस

दारव्ह्यात बासरीचा एकच क्लास होता आणि त्या क्लासात, खरं सांगायचं तर, खुशी ही एकच विद्यार्थिनी उरली होती. बाकीची पोरं कीबोर्डकडे वळली होती, कारण त्याचं बटण दाबलं की तबलासुद्धा आपोआप वाजतो. धम्मरत्न मास्तरांना त्यांचा राग नव्हता. पण खुशीही गेली तर दारावरची पाटी उतरवावी लागेल, या विचाराने त्यांना जेवण जात नव्हतं.

मास्तरांची उभी हयात भीमगीतांच्या पार्टीत गेली. आर्णीपासून राजूरपर्यंत जिथे जयंती तिथे पार्टी, आणि पार्टीत अगदी मागे, ढोलकीच्या आडोशाला मास्तर. गायकाने ओळ म्हणायची, दम घ्यायचा, आणि तेवढ्यात मास्तरांनी बासरीचा तुकडा भरायचा. त्याला पार्टीत ‘पीस’ म्हणतात. असे पीस त्यांना ढिगाने येत. गाणं मात्र एकही येत नव्हतं, कारण गाणं चालू झालं की ते बासरी मांडीवर ठेवून निवांत सुपारी कातरत. माणूस जे शिकला तेच शिकवणार! यात काही उणं आहे, हे बिचाऱ्यांच्या गावीही नव्हतं.

ते उणं खुशीच्या आईला दिसलं. शीलाबाई पंचायत समितीत नोकरीला, आणि आवाज असा की तिला कधी माईक लागला नाही.

“मास्तर, पोरगी घरी वाजवते न् मधातच थांबते. काहून?”

“तेव्हा गाणारा गाते ना, बाई.”

“घरी कोण गाऊन राह्यलं? कुकर?”

“थांबणंच तं अवघड असते. फुकायले कोणालेही येते.”

“ते मले नोका सांगू. जयंतीले तिचं नाव देल्लं मी. वस्तीसमोर पूर्ण गाणं वाजलं पाह्यजे. नाही तं खुशी कीबोर्डले जाईन.”

मास्तरांनी मान डोलावली आणि खुशीकडून तेच पीस आणखी घोटून घेतले. दुसरं ते काय करणार होते?

जयंतीला मांडव गच्च भरला. खुशीने सुरुवातीचा पीस असा वाजवला की टाळ्या पडल्या. मग तिने बासरी मांडीवर ठेवली आणि समोर नसलेल्या गायकाला मानेने खूण केली. कूलर तेवढा घरघरत होता. मागे कुणीतरी फिसकन हसलं आणि मास्तरांना धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. पोरीची फजिती बघवेना म्हणून शीलाबाई तिला खाली आणायला उठली.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या वच्छलाबाईंनी ओळ उचलली. म्हातारीने जन्मभर जयंत्या ऐकलेल्या. बासरी थांबली की ओळ येते, एवढं तिला पक्कं ठाऊक. कापऱ्या आवाजात तिने ओळ संपवली आणि खुशीने नेमका पुढचा पीस भरला. पुढची ओळ दहा बायांनी म्हटली, त्याच्या पुढची आख्ख्या मांडवाने. शीलाबाई उभी होतीच. तीही गाऊ लागली, आणि सगळ्यांच्या वरताण. एका गाण्यावर भागलं नाही. लोक खुशीला उठूच देईनात.

दुसऱ्या दिवशी शीलाबाई खुशीचा हात धरून क्लासच्या दारात उभी राहिली. मास्तरांनी आधी दारावरच्या पाटीकडे बघून घेतलं. पूर्ण गाणं काही वाजलं नव्हतं.

“बाई, खरं सांगतो,” ते खाली बघत म्हणाले, “गाणं मले येतच नाही. मले मधातलंच येते.” आयुष्यात इतकी लाज त्यांना कधी वाटली नव्हती.

शीलाबाईने तोंड उघडलं. “मा...” एवढं निघालं आणि पुढे नुसती हवा. रात्री गाऊन गाऊन घसा पार बसला होता. तिने हातवारे केले, पुन्हा जोर लावला, आणि शेवटी दम घ्यायला थांबली.

आई थांबलेली पाहून खुशीने दप्तरातून बासरी काढली आणि पीस भरला.

मास्तरांनी भीतीने डोळे मिटून घेतले. उघडले तेव्हा शीलाबाईचे खांदे हसण्याने गदगदत होते. आवाज तेवढा नव्हता. तिने चपला काढल्या आणि आत येऊन सतरंजीवर पोरीशेजारी मांडी घालून बसली.