मोटरच्या दिशेने आलेली पाणगाय

आमच्या झऱ्याचं पाणी बारा महिने सारखंच कोमट. जानेवारीत कडाका पडला, बागांमधली संत्री झाडावरच गोठली, की समुद्रातल्या पाणगाई नदीतून वर सरकत यायच्या आणि झऱ्याच्या डोहात एकमेकींना खेटून निजायच्या. मॅनटी हे त्यांचं पुस्तकातलं नाव. आम्ही फ्लोरिडाची नदीकाठची माणसं त्यांना पाणगाईच म्हणायचो. मी आता ब्याऐंशी वर्षांची आहे. डोहावरची ती सकाळची वाफ आणि वाफेतून वर येणारी करडी नाकं आठवली, की अजूनही माझा श्वास हळू होतो.

माझा नवरा हॉइट लोकांना त्या दाखवायला होडीतून न्यायचा. झऱ्याचा ओढा नदीला मिळतो तिथे सायप्रसचं एक वाकलेलं झाड होतं. तिथे मोटर बंद करायची आणि पुढे बांबूएवढ्या लांब लाकडी वल्ह्याने तळाला रेटा देत जायचं, ही आमच्याकडची जुनी रीत. डोहात दोर बांधलेला असे. दोराच्या पलीकडे जायचं नाही, हात लावायचा नाही, निजलेलीला उठवायचं नाही. "खोकला आला तर गिळा," हॉइट पाहुण्यांना सांगायचा. "ती थंडीत बाहेर पळाली तर मरेल. तुम्ही मेलात तर मला तेवढं वाईट वाटणार नाही."

त्याचा धाकटा भाऊ डेलमारही होडी चालवायचा. तो रांगडा, हसरा, आणि घाईचा. सायप्रसपाशी त्याची मोटर बंद व्हायची ती आमचं लक्ष असेल तेव्हाच. हॉइटने त्याला दोनदा बजावलं होतं, की तिसऱ्यांदा दिसलास तर भाऊ म्हणणार नाही.

आणि मी काय करत होते, ते हॉइटला ठाऊक नव्हतं.

आमचं घर ओढ्याच्या खाली, नदीच्या वळणावर. तिथे पाणी मचूळ. विहिरीवर पेट्रोलचं इंजिन लावलेला पंप होता. एकोणसत्तर सालच्या त्या हिवाळ्यात एक पाणगाय पिल्लू घेऊन आमच्या धक्क्याशी आली. मी पंप चालू करून नळी पाण्यात सोडली, तर ती नळी ओठांत धरून गोडं पाणी पीत राहिली. मला मूलबाळ नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा पंप लावला. मग रोजच, हॉइट बाहेर पडला की. आठवड्याभरात असं झालं, की इंजिनाने पहिला आवाज केला न केला तोच ती नदीच्या पलीकडून तीरासारखी यायची. मला वाटे, ती मला ओळखते. ती ओळखत होती इंजिनाला.

त्या सकाळी मी हॉइटच्या होडीत होते. ओहायोहून आलेलं एक जोडपं सोबत होतं. सायप्रस ओलांडून हॉइट वल्हं मारत होता आणि आमच्या पुढे ती पाणगाय पिल्लाला बगलेशी घेऊन सावकाश चालली होती. इतक्यात नदीच्या वळणावरून डेलमारची होडी भरधाव आली. रिकामीच होती. आमच्या आधी डोहाशी पोचायचं एवढंच त्याच्या डोक्यात.

पाणगाय थांबली. वळली. आणि थेट मोटरच्या दिशेने गेली.

धडक मोठी नव्हती, पोतं आपटावं तशी. मग पाण्याखाली पात्यांचा आवाज बदलला. पाणी लाल झालं, मग काळपट. ती वर आली तेव्हा पाठीवर सात-आठ जखमा होत्या, मला आतली बरगडी दिसली. तिने शेपूट एकदा इतक्या जोरात आपटलं, की रक्ताचं पाणी आमच्या तोंडावर उडालं. ओहायोची बाई ओकली. पिल्लू आईच्या बगलेखाली दूध शोधत ढुशा देत होतं, आणि ती बुडत होती.

हॉइटने आमची होडी डेलमारच्या होडीला लावली आणि वल्हं उचलून मारलं. डेलमारने उजवा हात आडवा धरला.

"ती माझ्याकडे आली," डेलमार म्हणाला. "हॉइट, मी वळवली होती होडी. ती माझ्याकडेच आली."

"जनावर मोटरपासून पळतं, खोटारड्या."

दुसरा फटका. मनगटातून फांदी मोडल्यासारखा आवाज आला. डेलमार गुडघ्यांवर बसला, तरी हात डोक्यावरच धरून, आणि तेच सांगत राहिला. त्या होडीत, त्या नदीवर, तो खरं बोलतोय हे एकट्या मला माहीत होतं. माझे दात एकमेकांवर घट्ट बसले होते. तिसरा फटका त्याच मनगटावर बसला, आणि हात खाली लोंबला. आता डोकं उघडं होतं. हॉइटने वल्हं पुन्हा वर नेलं.

"मी शिकवलं तिला," मी म्हणाले. "पंपाच्या आवाजाला यायला. रोज पाणी पाजत होते."

हॉइटने वळून माझ्याकडे पाहिलं. मग त्याने वल्हं नदीत फेकून दिलं आणि कपड्यांसकट पिल्लापाशी उतरला.

चौथ्या दिवशी मी इस्पितळात गेले. हॉइट बाहेर गाडीतच बसून राहिला. डॉक्टर म्हणाले होते, डेलमारच्या उजव्या हाताची बोटं आता मिटणार नाहीत.

"पिल्लू?" डेलमारने विचारलं.

"दुसऱ्या गाईच्या मागे लागलंय. पिऊ देते ती."

त्याने मान हलवली. मग छताकडे बघत म्हणाला, "मोटर बंद केली नाही, हे माझं. पहिला फटका मी ओढवून घेतला होता. पण पुढचे दोन पडताना तू कुठे होतीस, व्हर्नेल?"

मी खरं ते सांगितलं. "मला वाटलं, माझ्या वाट्याचा मार तूच खाशील, आणि मिटेल."

त्याच्यापुढे तळलेला मलेट मासा आणि मक्याची पेज गार होत पडली होती. डाव्या हाताने त्याला काटे काढता येत नव्हते. मी खुर्ची जवळ ओढली आणि एकेक काटा काढून मासा ताटाच्या कडेला ठेवत गेले. त्याने सगळा खाल्ला, शेवटपर्यंत, एकदाही माझ्याकडे न बघता.