मधले बारा मिलिमीटर

शिरवळच्या त्या कारखान्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी गोठवून डब्यांत भरतात. शीतगृहाच्या तोंडाला जाड कापडाचा पडदा आहे. गाडी जवळ आली की सर्रकन वर जातो, गेली की तसाच खाली. मंगळवारी सकाळी तो अर्ध्यात अडकला, डावीकडच्या ट्रॅकमधून, म्हणजे उभ्या खाचेतून, निसटला आणि लोंबू लागला. नेमका तेव्हाच खालून बिराप्पा फोर्कलिफ्ट घेऊन चालला होता.

देखभाल विभागाच्या वीरधवल साहेबांनी जागेवरच निकाल लावला. "ह्यानंच धडक दिली. गेटबाहेर काढा ह्याला."

बिराप्पा जतकडचा, घरी कानडी बोलणारा. घाबरला की त्याचं मराठी अडखळायचं. "सायेब, मी धडकलो न्हाई. वरच सुटलं ते."

कुणी ऐकलं नाही. साहेबांनी प्रियदर्शनीपुढे दुरुस्तीचा फॉर्म टाकला. रहिमतपूरची ही पोरगी कारखान्यातली एकुलती एक बाई फिटर. "कारणात 'फोर्कलिफ्टची धडक' लिही आणि पडदा ट्रॅकमध्ये ढकल. बारा वाजता ट्रक येतोय."

"आधी बघते, मग लिवते."

"बघायचं काय त्यात?"

तिनं दाराचा मेन स्विच बंद केला, त्याला कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. मग शिडी लावून वरून दोरीचा ओळंबा सोडला आणि दोन्ही ट्रॅकमधलं अंतर मोजलं. वर बरोबर तीन मीटर. खालीही तीन मीटर. मधे मात्र बारा मिलिमीटर जास्त. डावा ट्रॅक मधे भिंतीकडे, बाहेरच्या अंगाला सरकला होता. तिनं मधल्या बोल्टांना हात लावला तर ते बोटानंच फिरले.

"आवं सायेब, इकडं या. हात लावून बघा. धडक बसली असती तर बोल्ट वाकला असता, ट्रॅकला पोचा आला असता. हितं साधा ओरखडा न्हाई."

साहेब पुढे आले नाहीत. दिवाळीत तपासणीच्या आधी हे दार दोन दिवसांत उभं केलं होतं, त्यांच्याच देखरेखीखाली.

"कुलूप काढ. नाहीतर उद्यापासून येऊ नकोस."

"काढते की. ट्रॅक सरळ झाल्यावर. तवर न्हाई."

फळं निवडणाऱ्या बायांचे हात थांबले. साहेब पाय आपटत निघून गेले. बिराप्पा तिथंच उभा होता. तिनं त्याला शिडी धरायला लावली.

डाव्या ट्रॅकचे चारही जुने बोल्ट काढून तिनं लांब बोल्ट घातले. मागं पत्र्याच्या पट्ट्या सारून ट्रॅक ओळंब्यात आणला, पुन्हा मोजलं, एक बोल्ट अर्धा आटा ढिला करून परत मोजलं. पडदा आधी हातानं सावकाश वरखाली केला. ट्रक बाहेर पाऊण तास ताटकळला. कुलूप निघालं, पडदा सरळ वर गेला, न अडखळता खाली आला.

फॉर्मवर तिनं लिहिलं : मधले बोल्ट ढिले, ट्रॅक बारा मिलिमीटर सरकलेला. धडक नाही. साहेबांनी तो तिच्यासमोर फाडला. तिनं दुसरा घेतला, तेच लिहिलं, मोजमापाचे फोटो जोडले आणि थेट मॅनेजरच्या टेबलावर ठेवला.

मॅनेजरनं फोटो बघितले, बिराप्पाची नोकरी राहिली. "अक्का, माझ्यामुळं तुला तरास," तो म्हणाला.

"तुज्यामुळं कशाला? खोटं मला लिवता येत न्हाई, येवढंच."

पुढच्या आठवड्यात तिची बदली बॉयलरकडे झाली. कारण कुणी सांगितलं नाही. पहिल्याच सकाळी ती वही घेऊन तिथल्या प्रत्येक दाबाच्या मीटरवरची शेवटच्या तपासणीची तारीख उतरवू लागली.