चावी फोनवर मिळत नाही

मी एक जुना पत्ता आहे, मित्रांनो. पत्ता म्हटल्यावर लगेच पोस्टमनला शोधू नका. संगणकवाले मला डोमेन म्हणतात. तुम्ही मोबाइलवर ‘राधाबाईविसावा डॉट इन’ असं लिहिता ना, तोच मी. मला हात नाहीत, पाय नाहीत. आज मात्र बोलणार आहे, कारण गेल्या वर्षी मी अगदी थोडक्यात वाचलो.

परळला मोठ्या हॉस्पिटलांच्या मागे एका गल्लीत ‘राधाबाई विसावा’ आहे. खोल्या नऊच. गावाहून उपचाराला आलेल्या पेशंटची माणसं तिथे उतरतात. रामदास परबांनी गिरणी सुटल्यावर आईच्या नावाने तो सुरू केला. पुढे त्यांच्या मुलाने, विनीतने, एका रविवारी चहा पिता पिता मला विकत घेतलं. मालक म्हणून वडिलांचं नाव, वडिलांचा ईमेल, वडिलांचाच फोन नंबर टाकला. झालं माझं बारसं!

मग काय, माझा थाट विचारू नका. कणकवली, चिपळूण, कराड, कुठून कुठून लोक मला उघडायचे. खोली आहे का, काय कागद लागतात, कोणाला फोन करायचा, सगळं माझ्यापाशी मिळायचं. रामदासांनी मला पाटीवर रंगवलं, पावतीवर छापलं. “पत्ता लक्षात ठेवायला सोपा हां आमचा,” असं ते येईल त्याला सांगायचे. मी आतल्या आत फुलायचो.

त्यांचा एक नियम होता. चावी फोनवर मिळत नाही. माणूस समोर, हॉस्पिटलचा कागद समोर, मग चावी. एकदा त्यांच्या सख्ख्या मेव्हण्याने फोन केला, “माझा मित्र येतोय, चावी शेजारी ठेवून द्या.” रामदासांनी ठेवली नाही. मेव्हणा पुढे सहा महिने बोलला नाही, पण रामदासांनी नियम मोडला नाही.

मग रामदास गेले. रेशनकार्डावरचं नाव कमी झालं, लाइट बिल बदललं. विसाव्याच्या ट्रस्टचा शिक्का, वही, कपाटाच्या किल्ल्या नव्या सेक्रेटरीकडे रीतसर गेल्या. माझी आठवण कोणालाच झाली नाही. दोन वर्षं मी गेलेल्या माणसाच्या नावावर होतो. अहो, राग येणार नाही का?

त्यांचा फोन मात्र आनंदीबाईंनी, त्यांच्या बायकोने, चालू ठेवला होता. दर महिन्याला रिचार्ज. विनीत वैतागायचा, “आई, कशाला उगाच?” त्या म्हणायच्या, “गावची माणसा ह्याच नंबरार फोन करतत. कोणी उचलूक नको?”

आता त्या दिवसाचं सांगतो. काउंटरवर अपेक्षा बसते. गुणी मुलगी, पण हाताला घाई. दुपारी विसाव्याच्या ईमेलवर पत्र आलं. ‘आपल्या डोमेनची मुदत आज संपत आहे. खालील लिंकवर पासवर्ड भरा, अन्यथा वेबसाइट बंद होईल.’ वर हुबेहूब, विनीतने मला जिच्याकडून विकत घेतलं त्या कंपनीचं चिन्ह. समोर पाच माणसं रांगेत. माझा पासवर्ड रामदासांनी चाव्यांच्या कपाटाच्या दारावर आतून चिकटवून ठेवला होता. अपेक्षाने तो बघितला, भरला आणि पुढच्या माणसाचा कागद हातात घेतला. मुदत संपायला अजून चार महिने होते हो! मी ओरडणार कसा?

पासवर्ड चोराच्या हातात गेला. आता मला स्वतःच्या नावावर करायला त्याला एकच गोष्ट हवी होती, मालकाच्या फोनवर येणारा ओटीपी. तो मिळता तर माझ्यावर विसाव्याच्या जागी त्याचा नंबर लागला असता. ऑपरेशनसाठी पैसे जमवून निघालेल्या माणसांनी खोलीचा आगाऊ भरणा त्याच्याकडे केला असता, आणि रात्रीच्या एसटीने परळला येऊन रस्त्यावर बसली असती. माझ्यावर विश्वास ठेवून!

काउंटरशेजारी लसूण सोलत बसलेल्या आनंदीबाईंच्या पिशवीत रामदासांचा फोन वाजला. नीट ऐकू यावं म्हणून त्या तो नेहमी स्पीकरवरच लावायच्या.

“आजी, वेबसाइटच्या कंपनीतून बोलतोय. आता सहा आकडे आले असतील, ते सांगा. नाहीतर वेबसाइट बंद पडेल. पेशंटचे हाल होतील.”

पेशंटचे हाल म्हटल्यावर बाई घाबरल्या. चष्मा चढवला आणि वाचायला लागल्या, “चार... सात...” मध्येच थांबल्या. “ह्ये आकडे कसले, झिला?”

“चावीच समजा आजी. आम्ही आतून सगळं नीट करून देतो.”

“चावी?” आनंदीबाईंनी चष्मा काढला. “मगे हंय ये. समोर बस, कागद दाखव. चावी फोनार गावणा नाय.”

“आजी, वेळ नाहीये!”

“ह्येंनी माझ्या सख्ख्या भावाक दिली नाय, तुका कशी देव?” आणि त्यांनी फोन ठेवला.

अपेक्षाच्या हातातलं पेन गळालं. “काकू, कसली वेबसाइट म्हणाला तो?” मग तिला रडूच फुटलं. “काकू, मी मघाशी पासवर्ड भरलाय...”

“भरलंस तर भरलंस. रडा नको, विनीतक फोन लाव.”

विनीत नायगावहून धावत आला. आधी पासवर्ड बदलला, मग कंपनीला कळवलं. मृत्यूचा दाखला, ट्रस्टचे कागद, हेलपाटे, पंधरा दिवस गेले. आता मी ट्रस्टच्या नावावर आहे. कोणी परस्पर हलवू नये म्हणून मला कुलूप घातलंय. कपाटावरची चिठ्ठी फाडली. मुदतीचं पत्र आलं की अपेक्षा लिंकला हातही लावत नाही, कंपनीची साइट स्वतः उघडून तारीख बघते.

माझ्यावरून रामदासांचं नाव पुसलं, तेव्हा मात्र जीव कासावीस झाला. ते गेले, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कोणीतरी रीतसर कळवलं.

मित्रांनो, तुमच्या मंडळाचं, शाळेचं, दुकानाचं असं नाव असेल, तर ते कोणाच्या नावावर आहे आणि ओटीपी कोणाच्या फोनवर येतो, एवढं आजच विचारा. माणूस समोर आहे तोवर विचारा.

आता त्या जुन्या नंबरवर माझं काही अडत नाही. महिना संपला, तशा आनंदीबाई म्हणाल्या, “विनीत, आता बंद कर तो फोन.”

विनीत म्हणाला, “आई, सकाळीच रिचार्ज केलाय मी.”