कासवाचा चौथा पाय

माणूस जातो, पण त्याचं काम मागे उरतं, असं धाकट्याच्या शोकसभेत तीन वक्त्यांनी सांगितलं आणि चौथ्याने वेळेअभावी नुसती मान हलवली. त्यांचं खोटं नव्हतं. काम मागे उरलंच होतं. फक्त ते उघडत नव्हतं.

धाकटा मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा, तीही एका बड्या कंपनीच्या संगणकावर. अपघात झाला तेव्हा तो संगणक त्याच्याबरोबर गाडीतच होता, आणि गाडीचं जे झालं ते दोघांचंही झालं. घरी बॅकअपची एक डिस्क तेवढी राहिली. तिच्यातली चित्रं त्या कंपनीची जुनी प्रणाली असेल तरच उघडत. कंपनीची नवी यंत्रं ती चालवत नव्हती आणि जुनं यंत्र शोधून मिळत नव्हतं. शेवटच्या पुस्तकाची सतरा चित्रं आत अडकली होती. प्रकाशकबाई दर महिन्याला अतिशय हळुवारपणे फोन करायच्या आणि थोरला दर महिन्याला "बघतो" म्हणायचा.

थोरला वजनमापं खात्यात निरीक्षक होता. बावीस वर्षं बाजारात तराजू तपासत हिंडल्यामुळे खोटं वजन त्याला हातात घेतल्याबरोबर कळायचं. अशा माणसाने सुटे भाग जमवून एक खोकं उभं केलं आणि त्या खोक्याला 'तू त्या कंपनीचंच यंत्र आहेस' असं पटवून द्यायला घेतलं.

"अहो," बायको म्हणाली, "तुमच्यावर धाड घालायला कोणाला बोलवायचं? की तुमचं तुम्हीच उरकाल?"

पहिल्या रविवारी पडद्यावर नुसती पांढरी अक्षरं पळाली. दुसऱ्या रविवारी चित्र आलं, आवाज गेला. तिसऱ्या रविवारी आवाज आला, माऊस गेला. या उद्योगात मुरलेल्या लोकांचा इंटरनेटवर एक कट्टा होता. त्यांच्या मते हे सगळं 'जवळपास जमलंय' या सदरात मोडत होतं.

चौथ्या रविवारी खोक्याने सिरियल नंबर मागितला. कट्ट्यावर सक्त ताकीद होती, की नंबर बनवलेलाच टाका, जगात कोणाचाही नसलेला. खरा चुकूनही टाकू नका. थोरला अडला. बावीस वर्षांत त्याने कुठल्याही रकान्यात खोटा आकडा लिहिला नव्हता. शेवटी त्याने कपाटातून धाकट्याच्या संगणकाचं चेपलेलं झाकण काढलं, भिंग लावून त्याच्या पाठीवरचा नंबर वाचला आणि तोच टाकला. घरात खरा नंबर असताना खोटा कशाला? त्या अख्ख्या लबाडीत तेवढीच एक नोंद प्रामाणिक होती, आणि घोटाळा तिनेच केला.

पाचव्या रविवारी सकाळी खोकं व्यवस्थित सुरू झालं. डिस्कवरचा सगळा बॅकअप त्यात उतरला, धाकट्याचा पासवर्डही चालला. तो आईची जन्मतारीख होता. चित्रं उघडली. नदी ओलांडायला निघालेल्या कासवाची गोष्ट होती. सतराव्या चित्रात कासव काठावर पोचलं होतं आणि त्याला तीनच पाय होते. चौथ्याच्या जागी पेन्सिलीचा नुसता गोल. थोरला त्या गोलाकडे बघत बसला.

तेवढ्यात आई चहाचा कप आणि फोन घेऊन दारात आली.

"अरे," ती म्हणाली, "हा उठला की!"

धाकटा दुसऱ्या गावी राहायचा. घरातल्या सगळ्यांच्या यंत्रांची यादी आईच्या फोनवर दिसायची. सकाळी तो कामाला बसला की त्याच्या संगणकापुढचा ठिपका हिरवा व्हायचा. "उठला," असं म्हणून आई स्वतःचा चहा टाकायची. चौदा महिने तो ठिपका राखाडी होता. या चौदा महिन्यांत आई एकदाही रडली नव्हती, आणि नातेवाईक तिच्या धीराचं कौतुक करून आपापल्या घरी गेले होते.

"आई, तो नाही गं. हे खोकं आहे. मी त्याचा नंबर दिलाय याला."

"कळतं मला. म्हातारी झालेय, खुळी नाही झाले." तिने फोन पुढे केला. "पण हिरवा झालाय ना?"

"झालाय."

"मग राहू दे."

थोरल्याने चित्रं प्रकाशकबाईंना पाठवून दिली. काम झालं होतं. पण दुसऱ्या दिवशी नऊच्या सुमाराला आई फोन हातात धरून उभी राहिली आणि त्याने निमूटपणे खोकं सुरू केलं. मग रोजच. एकदा त्याला वीस मिनिटं उशीर झाला.

"आज लोळत पडला होता वाटतं," आई म्हणाली.

"रात्री जागला असेल," थोरला म्हणाला. म्हणताना त्याची पापणीसुद्धा लवली नाही.

खोकं रोज एकच प्रश्न विचारायचं: अपडेट आता करू, की नंतर? थोरला रोज 'नंतर' दाबायचा. 'आता' दाबलं तर सोंग उतरतं, हे कट्ट्यावर लाल अक्षरांत लिहिलेलं होतं. एका मंगळवारी त्याला आठवडी बाजाराच्या तपासणीला लवकर निघायचं होतं. त्याने आईला बटण दाखवलं.

"आणि त्याने काही विचारलं तर 'नंतर' दाब."

तो दुपारी परतला तेव्हा खोकं आपोआप बंद होत होतं, चालू होत होतं, पुन्हा बंद होत होतं. आई समोर बसून होती.

"काय दाबलंस?"

"'आता'."

"अगं, सांगितलं होतं ना मी?"

"कधीही फोन केला की 'आई, नंतर बोलतो.' जन्मभर नंतरच चाललं होतं त्याचं. म्हटलं, एकदा तरी..." तिने वाक्य सोडून दिलं. "गेला का रे?"

"करता येईल परत. डिस्क आहे. दोन रविवार लागतील."

"म्हणजे परत हिरवा होणार."

"हो."

"आणि परत कधीतरी असाच जाणार."

थोरल्याने आजवर कुठल्याही तराजूला एका वर्षाच्या वर प्रमाणपत्र दिलं नव्हतं. तो "हो" म्हणाला.

"मग नको. दोनदा झालं तेवढं पुरे," आई म्हणाली, आणि चौदा महिन्यांचं एकदम रडली. बायको आतून धावत आली आणि काही न विचारता तिला धरून बसली. थोरल्याने वाकून खोक्याची पिन काढली.

चार महिन्यांनी पुस्तक घरी आलं. शेवटचं चित्र प्रकाशकबाईंनी दुसऱ्या चित्रकाराकडून नव्याने काढून घेतलं होतं. आईने चष्मा पुसून ते पान दोनदा पाहिलं.

त्यात कासव अजून नदीतच आहे. पाणी कवचापर्यंत आहे. पाय दिसत नाहीत.